पावसाळ्यातलं कपाट आणि कॅल्शियम क्लोराइड : विकत घेण्यापासून पाणी ओतून देण्यापर्यंत

मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो. मधले चार महिने कपाट उघडलं की कोंदट वास येतो. चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरकी बुरशी धरते, पुस्तकांची पानं लाटेसारखी होतात, ठेवणीतल्या साडीवर पिवळे ठिपके दिसू लागतात. मग दुकानातून ओल शोषणारे डबे आणि लटकवायच्या पिशव्या घरी येतात. त्यातल्या बहुतेकांवरची बारीक अक्षरं वाचलीत तर आतला माल एकच असतो : कॅल्शियम क्लोराइड. नुसतं हेच मीठ आणून घरच्या घरी नीट वापरता येतं. मात्र ते काय करतं, किती करतं आणि कुठे नुकसान करतं हे आधी समजून घ्यायला हवं. नाहीतर पैसे जातात आणि कधी कधी कपाटही जातं.

हे मीठ आहे तरी काय

कॅल्शियम या धातूच्या एका अणूला क्लोरीनचे दोन अणू जोडलेले, अशी याची रचना. दिसायला पांढरं, वास नाही, पाण्यात झपाट्याने विरघळतं. चुनखडी आणि साधं मीठ यांपासून धुण्याचा सोडा बनवायची जी सॉल्वे पद्धत आहे, तिच्यात ते उपपदार्थ म्हणून ढिगाने निघतं. म्हणून ते स्वस्त आहे.

त्याचा मुख्य गुण म्हणजे पाण्याची हाव. साधं मीठही पावसाळ्यात ओलं होतं, पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर. कॅल्शियम क्लोराइडला तिसेक टक्के आर्द्रताही पुरते. मुंबईत इतकी कोरडी हवा क्वचितच असते, त्यामुळे इथे हे मीठ उघडं ठेवलं की ते पाणी ओढणारच.

एकदा मुद्दाम काचेच्या बशीत चार खडे ठेवून बघा. आधी खड्यांवर चकाकी येते. मग धारदार कडा गोलसर होतात, प्रत्येक खड्याभोवती पाण्याचं कडं जमतं, दोन कडी एकमेकांना भेटतात आणि खडे त्या पाण्यात रुतून बसतात. जुलैच्या हवेत सकाळी ठेवलेल्या बशीत दुसऱ्या दिवशी नुसतं दाटसर, तेलकट वाटणारं पाणी उरतं.

इथे बहुतेकांची समजूत चुकते. खडे विरघळले म्हणजे काम संपलं असं वाटतं आणि डबा रिकामा केला जातो. खरं तर ते दाट पाणीही हवेतली ओल ओढत असतं. जितकं दाट, तितकी ओढ जास्त. पाणी पातळ होत जातं तशी ओढ कमी होते आणि भोवतालच्या हवेशी बरोबरी झाली की ती थांबते. हवा ६० टक्के आर्द्र असेल तर सुकं मीठ आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी घेतं, ८० टक्के असेल तर साडेतीनपट, ८५ टक्क्यांना चौपटीहून थोडं जास्त. भांडं किती मोठं घ्यायचं हे याच आकड्यांवरून ठरतं. त्याकडे पुढे येतो.

खोलीसाठी नाही, कपाटासाठी

थोडा हिशेब करू. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. आर्द्रता ८५ टक्के असेल तर सुमारे २६ ग्रॅम. ती ५५ टक्क्यांवर आणायची तर घनमीटरमागे नऊ ग्रॅम पाणी काढायला हवं.

दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर. तिच्यातून पावणेतीनशे ग्रॅम पाणी काढलं की झालं, असं वाटेल. पण दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सरकत्या काचांमधून बाहेरची हवा सतत येत असते. तासाभरात खोलीतली हवा एकदा बदलली तरी दिवसाला साडेसहा किलोच्या वर पाणी काढावं लागेल. त्यात घरातल्या माणसांचे श्वास, स्वयंपाकाची वाफ आणि पंख्याखाली वाळत घातलेले कपडे. कोपऱ्यात ठेवलेल्या वाटीभर मिठाचं इथे काही चालत नाही. खोली कोरडी करायची असेल तर एसीचा ड्राय मोड किंवा विजेवर चालणारा डीह्युमिडिफायरच लागतो.

कपाटाचं गणित वेगळं. तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच कपाटात जेमतेम एक घनमीटर हवा असते, म्हणजे हवेतलं जादा पाणी फक्त नऊ ग्रॅम. मग दुकानातला डबा पंधरा दिवसांत काठोकाठ कसा भरतो? कारण पाणी हवेत नसतं, कपड्यांत असतं. ८५ टक्के आर्द्रतेत मुरलेले वीस किलो सुती कपडे ५५ टक्क्यांपर्यंत सुकवायचे तर त्यांच्यातून जवळपास किलोभर पाणी निघतं. हाताला ते कोरडे लागतात तरीही. लाकूड, पुठ्ठा, पुस्तकं यांचंही तेच.

म्हणून माझा ठाम आग्रह आहे की मीठ आणण्याआधी कपाट रिकामं करा. मिठाने कोरडेपणा टिकवायचा असतो, ओले कपडे सुकवायचं काम त्याच्यावर टाकायचं नाही.

आधीची तयारी

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की हे काम काढावं. मे महिन्याच्या शेवटी जमलं तर फारच छान.

कपडे बाहेर काढून उन्हात किंवा पंख्याखाली पसरा. सुती कपड्यांवर गरम इस्त्री फिरवा आणि ते थंड झाल्यावरच घडी घाला. कपाटाच्या आतल्या बाजूला बुरशी असेल तर ती कोरड्या फडक्याने झटकू नका, बी घरभर उडतं. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने पुसा, आणि दारं उघडी टाकून पंख्याचा झोत आत सोडा. तोंडाला मास्क लावा. दमेकरी माणसाने हे काम करूच नये.

मग कपाटामागची भिंत तपासा. बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या सामाईक भिंतीला कपाट चिकटलेलं असेल तर ते चार बोटं पुढे ओढा. भिंतीलाच ओल आली असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर कितीही मीठ ठेवा, भिंत त्याला हरवेल. तिथे आधी गळती शोधायची.

शेवटचं काम फटींचं. दारांच्या कडांना रबराची किंवा फोमची चिकटपट्टी लावा. लोखंडी कपाटाच्या मागे जुनी भोकं असतील तर टेप मारा. कपाट जितकं बंद, तितकं मीठ जास्त दिवस पुरतं.

काय विकत घ्यायचं

हा माल मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीट आणि वडगादीच्या केमिकलवाल्यांकडे मिळतो, ऑनलाइनही मिळतो. मागताना पूर्ण नाव कागदावर लिहून न्या. नुसतं ‘क्लोराइड’ म्हणून काहीही उचलू नका. याचं कारण सुरक्षिततेच्या भागात येईल.

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक निर्जल, म्हणजे पाणी नसलेलं. ते दाण्यांच्या किंवा खड्यांच्या रूपात येतं आणि शुद्धता साधारण ९४ टक्के किंवा वर असते. दुसरं चपट्या पापुद्र्यांचं, ज्यात आधीच पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात. त्याच्या पिशवीवर ७४ ते ७८ टक्के असं लिहिलेलं असतं. कपाटासाठी दोन्ही चालतात. पापुद्रे वजनामागे पाणी कमी घेतात, पण विरघळताना कमी तापतात, म्हणून नवख्या माणसाने तेच घ्यावेत असं मी सुचवेन. पावडर टाळा. तिची धूळ उडते, नाकाडोळ्यांत जाते, आणि भांड्यात वरचा थर धरून आतलं मीठ कोरडंच राहतं.

पिशवी बाहेरून ओलसर किंवा चिकट लागली तर परत करा. तिला छिद्र आहे.

डबा तयार करणं

लागणारं सामान साधं आहे : दीड लिटरचा जाड प्लास्टिकचा डबा, त्याच्या तोंडावर घट्ट बसेल अशी प्लास्टिकची गाळणी किंवा भोकाची टोपली, गाळणीत अंथरायला पातळ सुती कापड, वर बांधायला मास्कसारख्या न विणलेल्या कापडाचा तुकडा किंवा दुहेरी मलमल, जाड रबर आणि खाली ठेवायला प्लास्टिकचा पसरट ट्रे. काचेची बरणीही चालेल, पण कपाटात ती कलंडून फुटायची भीती असते. स्टील, ॲल्युमिनियम, पितळ यांचं भांडं चुकूनही नको. खारं पाणी धातू खातं, आणि ॲल्युमिनियमला तर फार लवकर भोकं पडतात.

डबा दीड लिटरचाच का, ते सांगतो. ३०० ग्रॅम निर्जल मीठ ८५ टक्के आर्द्रतेत सव्वा लिटरच्या आसपास पाणी ओढू शकतं. त्यात मीठ विरघळून तयार झालेला द्राव सव्वा लिटरच्या थोडा वर भरतो. डबा एक लिटरचा असेल तर तो बाहेर सांडेल. सांडलेलं हे पाणी कधीही वाळत नाही, म्हणून मोठा डबा घ्यायचा.

हातमोजे घाला. गाळणीत पातळ सुती कापड अंथरा, त्यावर ३०० ग्रॅम मीठ पसरा, ढीग करू नका. वर कापड ताणून रबराने बांधा, म्हणजे डब्याला धक्का लागला तरी दाणे उडणार नाहीत. डब्यावर बाहेरून मार्करने दोन रेघा ओढा : एक आजची तारीख घालून तळाशी, दुसरी तोंडापासून तीन बोटं खाली. पाणी वरच्या रेघेला टेकलं की डबा रिकामा करायचा, मीठ शिल्लक असलं तरी. आणि ठसठशीत अक्षरांत लिहा : ‘विषारी, पिऊ नये’.

हा डबा ट्रेमध्ये ठेवून कपाटाच्या तळाशी, सपाट जागी ठेवा. वर लोंबणारी साडी किंवा ओढणी त्याला टेकता कामा नये. चामड्याचे बूट आणि पर्स शेजारी नकोत, त्या वरच्या फळीवर हलवा. बेडखालच्या बॉक्ससाठी ही रचना वापरू नका, ओढाताणीत डबा आडवा होतो. तिथे आणि पुस्तकांच्या बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. त्या पाणी सोडत नाहीत आणि पुन्हा तापवून वापरता येतात. कॅमेरा, जुने फोटो, घराची कागदपत्रं यांच्यासाठीही सिलिका जेलच घ्या. निळे दाणे गुलाबी होतात ती जात टाळलेली बरी. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, तेही धातूचं क्लोराइडच, पण कॅल्शियमच्या मिठापेक्षा कितीतरी जास्त विषारी. नारिंगी दाणे मिळतात, ते घ्या.

लोखंडी कपाटाबद्दल एक शंका नेहमी विचारली जाते : हे मीठ आत ठेवल्याने कपाट गंजेल का? मिठाची वाफ होत नाही, त्यामुळे नुसतं ठेवल्याने गंज येत नाही. उलट हवा कोरडी राहिल्याने तो कमी होतो. गंज येतो तो शिंतोड्यांनी आणि उडालेल्या दाण्यांनी. म्हणून तो ट्रे हवाच.

देखभाल आणि पाणी ओतणं

आठवड्यातून एकदा पाण्याची पातळी बघा. पहिल्या आठवड्यात ती भराभर वाढेल, कारण कपड्यांत राहिलेली ओल बाहेर येत असते. नंतर वेग मंदावतो. छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवता आला तर अंदाजावर राहावं लागत नाही. काटा ५० ते ६० टक्क्यांत राहिला की बुरशीला वाव राहत नाही. महिना उलटला तरी डबा दर आठवड्याला तेवढाच भरत असेल, तर कपाट कुठूनतरी बाहेरची हवा घेतंय किंवा मागच्या भिंतीतून ओल येतेय.

भरलेला डबा दोन्ही हातांनी उचला. पाणी संडासात ओता आणि दोनदा फ्लश करा. स्टीलच्या सिंकमध्ये ओतायची वेळ आलीच तर नळ सोडून भरपूर पाणी घाला, नाहीतर सिंकला डाग पडून खड्डे पडतात. कुंडीत किंवा सोसायटीच्या बागेत मुळीच ओतू नका. एवढ्या क्षाराने झाड जळतं.

काही जण हे पाणी गॅसवर आटवून मीठ परत मिळवतात. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. आटत आलेला दाट द्राव शंभर अंशांच्या बराच वर तापतो आणि तडतडून उडतो. अंगावर पडला तर साध्या उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं. पातेलंही कायमचं खराब होतं. वाचतं ते काही रुपयांचं मीठ.

सांडलं तर फडक्याने नुसतं पुसून थांबू नका. उरलेलं मीठ हवेतून पुन्हा पाणी ओढतं आणि तो डाग महिनोन् महिने ओला राहतो. साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसा, प्रत्येक वेळी फडकं धुऊन. कपड्यावर सांडलं तर भरपूर साध्या पाण्यात खंगाळा, साबण नंतर. कॅल्शियममुळे साबणाचा फेस न होता चिकट साका धरतो. जरीच्या साडीवर पडलं तर घरी प्रयोग न करता लगेच जाणत्या ड्रायक्लीनरकडे न्या आणि काय सांडलंय ते त्याला स्पष्ट सांगा. चामड्यावर पडलं तर ते आकसून कडक होतं आणि बहुतेकदा पूर्ववत होत नाही.

सुरक्षितता

सगळ्यात मोठा धोका असा की डब्यातलं पाणी दिसायला पिण्याच्या पाण्यासारखंच असतं. ते पाण्याच्या बाटलीत क्षणभरही ठेवू नका. रांगणारं मूल, मांजर, कुत्रा घरात असेल तर कपाटाला कुलूप हवं. तोंडात गेलं तर ते जळजळतं, जास्त गेलं तर तोंडाची आणि पोटाची आतली त्वचा दुखावते. अशा वेळी तोंड धुवा, माणूस शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी द्या, उलटी करवू नका आणि डॉक्टरकडे न्या. श्वास लागला, सतत उलट्या होत असल्या किंवा गुंगी आली तर १०८ ला फोन करा. रिकामी पिशवी सोबत न्या.

डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हाताला सुकं मीठ चिकटलं आणि हात घामाने ओला असला तर तिथे चटका बसल्यासारखं होतं. ते चोळू नका, भरपूर पाण्याने धुऊन टाका.

दुसरा धोका उष्णतेचा. निर्जल मीठ पाण्यात विरघळताना जोरदार तापतं. १०० ग्रॅम मीठ ३०० मिलिलिटर पाण्यात एकदम टाकलं तर पाणी हात भाजण्याइतकं गरम होतं. तेवढंच मीठ एक लिटर पाण्यात टाकलं तर तापमान पंधरा-सोळा अंशांनी वाढतं. उरलेलं मीठ फेकायचं असेल तेव्हा बादलीभर पाणी आधी घ्या आणि त्यात मीठ थोडं थोडं टाका. मिठाच्या ढिगावर पाणी ओतू नका.

आता नावांचा घोटाळा. सोसायटीची टाकी धुताना वापरतात ती ब्लीचिंग पावडर कॅल्शियमचीच, पण ती हायपोक्लोराइट असते. ॲसिडशी तिची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. आंबे पिकवायला चोरून वापरतात, आणि ज्याच्यावर देशात बंदी आहे, ते कॅल्शियम कार्बाइड. ओल लागली की त्यातून पेट घेणारा ॲसिटिलीन वायू निघतो. कपाटात ओल शोषायला म्हणून यातलं काही ठेवलं गेलं तर अनर्थ होईल. दुकानदाराने सुट्या पिशवीत बांधून दिलं तर घेऊ नका, छापील लेबलवालं पाकीटच घ्या. घरी दुसऱ्या बरणीत ओतू नका.

खाण्यात चालतं, पण हे नाही

कॅल्शियम क्लोराइड अन्नातही वापरतात, ई ५०९ या क्रमांकाने. पाश्चराइज्ड दुधाचं चीज करताना लिटरमागे ०.२ ग्रॅमच्या आसपास घातलं की दही घट्ट धरतं. सोयाबीनच्या दुधाचं टोफू करायलाही ते चालतं. डबाबंद फळं आणि लोणच्याच्या काकड्या त्याच्यामुळे करकरीत राहतात. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतो तेव्हाही कॅल्शियमच फळातल्या पेक्टिनला, म्हणजे फळाला घट्टपणा देणाऱ्या द्रव्याला, धरून ठेवत असतं. पण त्यासाठी फूड ग्रेड असं छापलेलं, वेगळं पाकीट हवं. कपाटासाठी आणलेल्या औद्योगिक मालातली चिमूटही स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. दवाखान्यात याचं इंजेक्शन असतं, ते शिरेबाहेर झिरपलं तर मांस मरतं, इतकं ते तीव्र आहे. कॅल्शियम कमी आहे म्हणून हे मीठ कुणी पाण्यातून घेऊ नये.

दुरुस्तीवाल्याच्या हातात असेल तर

मुंबईकराने या मिठाची चौकशी आणखी एका ठिकाणी करायला हवी. कॅल्शियम क्लोराइडमुळे सिमेंट लवकर घट्ट होतं, म्हणून काँक्रीटमध्ये ते घालायची जुनी पद्धत आहे. सळई नसलेल्या कामात त्याने फारसं बिघडत नाही. सळई असेल तर क्लोराइड तिच्यावरचा संरक्षक थर मोडतं, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळे इथल्या इमारतींना हा त्रास आधीच आहे. त्यात दुरुस्तीच्या मालातूनच क्लोराइड आत घालणं म्हणजे काही वर्षांनी तीच दुरुस्ती पुन्हा ओढवून घेणं. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात सळईच्या काँक्रीटसाठी एकूण क्लोराइडची मर्यादा घनमीटरमागे ०.६ किलो आहे.

स्लॅबची, छज्जाची किंवा कॉलमची दुरुस्ती निघाली की सोसायटीच्या कमिटीने कंत्राटात ‘सर्व ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायची रसायनं) क्लोराइडमुक्त असावीत’ ही ओळ घालून घ्यावी, प्रत्येक ड्रमचं माहितीपत्रक मागून फाइलला लावावं, आणि पावसाच्या घाईत कुणी ‘लवकर सेट होणारं’ काही मिसळू लागला तर ड्रमवरचं नाव वाचल्याशिवाय मिक्सर फिरू देऊ नये.